अडीच-तीन वर्षांची मंडळी

डॉक्टर, वकील आणि पोलीस यांच्याकडे फार किस्से असतात असं लोक म्हणतात. असतील बाबा! पण अडीच-तीन वर्षांची पंधरा-वीस माणसं एका खोलीत घेऊन एक सकाळ काढून बघा. किस्से गोळा करावेच लागत नाहीत. घरी आल्यावर साडी झटकली की पडतात, भाताच्या वाळलेल्या शितांसारखे!

मी घाटकोपरला बालवाडी चालवायचे. गिरण्यांचा संप होऊन गेला होता आणि आमच्या चाळीतले आजोबा आणि बरेचसे बाबा दिवसभर घरीच असायचे. बालवाडी म्हणजे मित्रमंडळाची खोली. संध्याकाळी तिथे कॅरम, भाद्रपदात गणपती आणि सकाळी आम्ही. चालवायचं एक महिला मंडळ. शिकवायला मी एकटी आणि मदतीला मंदामावशी. मावशींचं काम म्हणजे नाकं पुसणं, चड्ड्या बदलणं आणि मी शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारणं.

प्रवेशाच्या अटी तीन. शी-शू सांगता आली पाहिजे, आपल्या हातानं खाता आलं पाहिजे आणि आपलं नाव सांगता आलं पाहिजे. आता माझी सून नातवामागे ‘माइलस्टोन, माइलस्टोन’ करत फिरते. आम्हाला मैलाचे दगड ठाऊक होते ते आग्रा रोडवरचे! मूल ‘कळतं’ झालंय की नाही, एवढंच आम्ही बघायचो.

तिसरी अट मी एकदाच मोडली, संजूसाठी. तीन वर्षांचा होत आला तरी संजू बोलत नव्हता. आई नाही, बाबा नाही, नाही म्हणायला ‘नाही’सुद्धा नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान ठणठणीत आहेत, सगळं समजतंय, धीर धरा. त्याची आई शोभा धीर धरून धरून वाळली होती. म्हणायची, “बाई, एकदाच ‘आई’ म्हणू दे त्याला. मग जन्मभर गप्प बसला तरी चालेल!”

मी त्याला घेतला. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना ते कळलं आणि त्यांनी बजावलं, “दिवाळीपर्यंत ठेवा. तोवर बोलला तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला. बाहेर रांग आहे.” मला भयंकर राग आला होता. पण मंडळ त्यांचं, खोली त्यांनी मिळवलेली. मी मान हलवली आणि संजूला पहिल्या रांगेत माझ्या पायाशी बसवला.

*

तात्या सावंत मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले. नातू दिनूला घेऊन आले आणि मी काही विचारायच्या आत त्यांनी दिनूचा उजवा हात उचलून त्याच्याच डोक्यावरून पलीकडे नेला. डावा कान चांगला चार बोटं लांब राहिला.

“बघा! हात कानाक पोचाक नाय. ह्यो शाळेत घालूच्या वयाचो नाय अजून. सुनेक सांगलंय, पण ऐकता कोण?”

जुन्या लोकांची ही परीक्षा. गावाकडे जन्माचा दाखला नसायचा, तेव्हा मास्तर असंच बघायचे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं पहिलीत! मी समजावलं, “तात्या, ती सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा. ही बालवाडी आहे.”

“परीक्षा ती परीक्षा!” असं म्हणून तात्यांनी माझा सगळा वर्ग तपासायला घेतला. एकेकाला उभं करायचं, हात उचलायचा, ओढायचा. पोरांना वाटलं नवा खेळ आलाय. ती आपणहून पुढे यायला लागली. कुणी जवळचाच कान धरला, कुणी शेजारणीचा धरला आणि एका मुलीनं थेट तात्यांचा धरला. पलीकडच्या कानापर्यंत मात्र एकही हात पोचेना.

“बाई, तुमची सगळी पोरां नापास!” तात्यांनी निकाल लावला.

मंदामावशी इतका वेळ कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, “तात्या, तुमचा तरी पोचतो का बघू!”

तात्यांनी तोऱ्यात हात उचलला. खांदा गेली दोन वर्षं आखडलेला! हात कपाळापर्यंत गेला आणि सलाम ठोकल्यासारखा तिथेच अडकला. “आवशीक खाव!” करत तात्या पोरांच्या सतरंजीवर बसले. दिनू लगेच त्यांच्या शेजारी बसला.

मावशी मला म्हणाल्या, “बाई, घ्या आता दोघांना. आजोबा पण लहानच आहेत!”

*

शूचा नियम सोपा होता. करंगळी वर करायची. पण एकानं करंगळी वर केली की सगळ्या खोलीच्या करंगळ्या वर व्हायच्या. खरी कुणाची आणि हौसेची कुणाची, हे ओळखेपर्यंत खरीवाल्याचं काम झालेलं असायचं.

एक दिवस मावशी म्हणाल्या, “बाई, सगळ्यांना एकदमच नेऊन आणते. कटकट मिटली!” आणि एकाच्या शर्टाचं टोक दुसऱ्याच्या हातात देऊन त्यांनी अख्खी वरात गॅलरीच्या टोकाला, चाळीच्या संडासांकडे नेली. थोड्या वेळानं परत आल्या. “सगळं ओके!”

पोरं सतरंजीवर बसली. मी चिमणी-कावळ्याची गोष्ट सुरू केली. चिमणीचं घर अजून बांधूनसुद्धा झालं नव्हतं, तोच बंड्याखालून एक ओहोळ निघाला आणि माझ्या पायापर्यंत आला.

मावशींचं डोकंच फिरलं. “अरे मेल्या, आत्ता नेलं होतं ना तुला? तिकडे काय बघत उभा होतास?”

बंड्या शांतपणे म्हणाला, “तिकडे लाईन होती!”

*

हातानं खाण्याचं म्हणाल तर आमची पोरं पटापट खायची. फक्त आपल्या डब्यातलं सोडून! हंसाबेन आमच्या समोरच्या इमारतीत राहायच्या. त्यांच्या पिंकीच्या डब्यात रोज मेथीचे थेपले. दिनूच्या डब्यात घावणे. दुसऱ्याच आठवड्यात दोघांनी न बोलता करार केला आणि डबे बदलले. मी घावणे आणि थेपले दोन्ही पोटात जातायत ना, एवढंच बघत होते.

एका सकाळी तात्या तणतणत आले. खांद्याला आयोडेक्सचा वास. “बाई, पोराक काय शिकवलात तुम्ही? काल ताटात बांगडो वाढलो, फर्स्टक्लास, ताजो! तर ह्यो म्हणता, थेपलो होयो! सावंतांच्या घरात बांगड्याक नाय म्हणणारो ह्यो पयलोच!”

मी म्हटलं, “बदलेल हो. या वयात मुलांचं असंच असतं.”

“असां कसां असतां? मिया ह्या वयात बांगड्याचां डोकां चघळी होतंय!”

त्या दिवशी तात्या पहारा द्यायला वर्गातच बसले. दिनूनं डबा बदलला, एक थेपला आपण घेतला, एक आजोबांच्या हातात दिला. तात्यांनी तो वास घेऊन बघितला. उलटा करून बघितला. मग ‘पोराचां मन मोडूचां नाय’ असं काहीतरी पुटपुटत खाल्ला.

महिन्याभरानं हंसाबेन मला दारात गाठून म्हणाल्या, “बाई, माझी पिंकी घरी एक थेपला नाय खात. आणि इथे सहा-सहा कसे संपते?”

माझ्या आधी पिंकीच बोलली. “दिनूला तीन, आजोबांना तीन!”

*

आमच्या वर्गातल्या मितालीचे बाबा बँकेत होते आणि त्यांना मिताली इंग्लिश मीडियमलाच हवी होती. मुलुंडच्या एका शाळेत नर्सरीचा इंटरव्ह्यू होता. इंटरव्ह्यू तीन वर्षांच्या पोरीचा आणि झोप उडालेली बापाची! त्यांनी चित्रांचा तक्ता आणला. सकाळी दात घासताना रंग, जेवताना प्राणी, झोपताना फळं. मिताली झोपेत ‘डंकी, डंकी’ करायला लागली, तेव्हा तिची आई म्हणाली, “अहो, बास! ती तुम्हाला हाक मारतेय!”

इंटरव्ह्यूच्या दिवशी हेडमिस्ट्रेसनी तक्ता वगैरे काही दाखवला नाही. त्या बाई वसईकडच्या ख्रिश्चन घरातल्या, मराठी उत्तम. त्यांनी टेबलावर एक खरंखुरं सफरचंद ठेवलं, लालबुंद, आणि हसून विचारलं, “बेबी, व्हॉट इज धिस?”

आता त्या काळी आमच्याकडे सफरचंद कोण उठसूट आणत होतं? घरात फळ म्हणजे केळं, नाहीतर आंब्याच्या दिवसात आंबा. मितालीनं तक्त्यातलं ॲपल शंभरदा ओळखलं होतं. पण खरं सफरचंद तिनं एकदाच पाहिलं होतं. आजीला हॉस्पिटलात ठेवलं होतं तेव्हा, उशाशी, पिशवीत.

तिनं सफरचंदाकडे बघितलं. मग हेडमिस्ट्रेसकडे बघितलं. चेहरा एकदम काळजीचा.

“कोण आजारी आहे?”

बाबांनी डोळे मिटून घेतले. वाट लागली! पण हेडमिस्ट्रेस खुर्चीत मागे रेलून हसत सुटल्या. म्हणाल्या, “मीच गं बाळा! सकाळपासून आईबापांना बघून बघून!”

मितालीला ॲडमिशन मिळाली. सफरचंदही मिळालं. तिनं ते खाल्लं मात्र नाही. घरी आल्यावर बाबांच्या उशाशी ठेवलं!

*

इकडे संजूसाठी शोभाच्या सासूबाईंनी घरचे उपाय सुरू केले होते. वेखंड उगाळून मधातून जिभेवर लावून झालं. संजूनं चाटून घेतलं आणि आणखी मागायला जीभ बाहेर काढली. तोंडातून आवाज नाही! मग सासूबाईंनी शेवटचं अस्त्र काढलं. पोपटानं उष्टा केलेला पेरू! तो खाल्ला की मुकंसुद्धा बोलायला लागतं म्हणे.

त्यांच्या गावाला पेरूच्या झाडावर पोपटांचे थवे बसायचे. घाटकोपरला पोपट कुठून आणायचा? तर स्टेशनबाहेर फुटपाथवर चिठ्ठ्या काढणारा एक ज्योतिषी बसायचा, त्याच्या पिंजऱ्यात. शोभाचा नवरा रमेश ऑफिसातून येताना चांगला पिकलेला पेरू घेऊन त्याच्यापुढे उकिडवा बसला.

“भय्या, इसको थोडा ये पेरू खिलाओ ना.”

ज्योतिषी गंभीरपणे म्हणाला, “साब, अभी वो ड्यूटी पे है. ड्यूटी पे कुछ नहीं खाता!”

रमेशनं फार गयावया केली, तेव्हा त्यानं पिंजऱ्याचं दार उघडलं. पोपट बाहेर आला, पेरूवरून चालत पलीकडे गेला, एक पाकीट चोचीनं ओढलं आणि परत आत जाऊन बसला. पाकिटात लिहिलं होतं, ‘घरात लवकरच पाळणा हलेल.’

रमेशनं ते घरी वाचून दाखवलं. शोभा म्हणाली, “आधी हा एक तोंड उघडू दे. दुसऱ्याचं काय घेऊन बसलाय तो मेला पोपट!”

पण पेरूवर चोचीच्या खुणा होत्या आणि सासूबाई खूश होत्या. त्यांनी देवापुढे ठेवून पेरू संजूला भरवायला घेतला. शोभानं तो हातात घेऊन उजेडात धरला. नवऱ्याकडे बघितलं. परत पेरूकडे बघितलं.

“काय हो, हा पोपट दाढेनं खातो वाटतं?”

रमेश म्हणाला, “मोठा होता गं पोपट!”

संजूनं सगळा पेरू खाल्ला, तोंड पुसलं आणि गप्प बसला. शोभानं दुसऱ्या दिवशी मला हा किस्सा हसत हसत सांगितला, आणि सांगता सांगता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळी तोंडावर आली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार?

*

भातुकलीत प्रत्येकाला काहीतरी व्हायचं असतं. आमच्याकडे ‘बाबा’ व्हायला कुणी तयार नसायचं. आमच्या चाळीतल्या बाबांना काही कामच नव्हतं ना! सगळ्यांना ‘शेजारच्या काकू’ व्हायचं असायचं, कारण त्यांना वाटी घेऊन यायला आणि तासभर बोलायला मिळायचं.

संजू बोलत नाही, मग त्याला काय करायचं? दिनूनं तोड काढली. त्याला एका रिकाम्या खोक्याच्या पाठीमागे बसवलं आणि जाहीर केलं, “हा टीव्ही!”

सगळी पोरं मांडी घालून संजूसमोर बसली. संजू वरच्या बाजूनं डोकं काढून गोड हसत होता. तीच करमणूक! थोड्या वेळानं पिंकीनं तक्रार केली, “आवाज येत नाही!”

दिनू उठला. गॅलरीत गेला. कठड्याला धरून नसलेला अँटेना फिरवला आणि ओरडला, “आला काय?”

“नाही!”

आणखी फिरवला. “आता?”

“नाही! नुसतं चित्र!”

मग दिनू आत आला आणि त्यानं संजूच्या डोक्यावर एक टपली मारली. सावंतांच्या घरी टीव्ही तसाच सुरू व्हायचा. संजू आणखीच हसला. आवाज नाही तो नाहीच.

*

दिवाळीच्या सुट्टीआधी अध्यक्षीणबाई आल्या. रेशमी साडी, केसांत गजरा. बरोबर मंडळाच्या दोन बायका. मी मुलांच्या आयांना बोलावलं होतं. त्या भिंतीला लागून उभ्या होत्या. तात्याही नातवाच्या निमित्तानं दारात हजर. शोभा सगळ्यात मागे, पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

अध्यक्षीणबाईंना बोलायला फार आवडायचं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी बालसंगोपनावर सुरुवात केली ती थांबायचं नावच नाही. पोरं चुळबुळायला लागली. पिंकीनं जांभई दिली. बंड्यानं करंगळी वर केली. मावशी कुजबुजल्या, “बाई, ह्यांना कुणीतरी पाणी द्या, म्हणजे तेवढ्यापुरत्या तरी थांबतील!”

मग त्यांना आठवण झाली. “तो न बोलणारा मुलगा कोणता?”

मी संजूला पुढे उभा केला.

“काय रे बाळ, नाव काय तुझं?”

संजू त्यांच्या गजऱ्याकडे बघत राहिला.

“आईचं नाव काय? बरं, हे काय आहे? हे कोण आहे? बोल, बोल!”

काही नाही. अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे ‘बघितलंत ना?’ अशा नजरेनं बघितलं. मग आयांकडे वळल्या.

“ह्यात मुलाचा दोष नसतो. दोष असतो आयांचा! मुलांशी घरात कुणी बोलत नाही. दुपारी झोपा काढायच्या, संध्याकाळी जिन्यात गप्पा छाटायच्या, आणि मूल बोलत नाही म्हणून पोपट शोधत फिरायचं! आमच्या वेळी...”

पोपटाची गोष्ट त्यांच्यापर्यंत कुणी पोचवली, देव जाणे. शोभाची मान खाली गेली. आणि अध्यक्षीणबाई बोलतच राहिल्या. आमच्या वेळी असं होतं, आमच्या सासूबाई अशा होत्या, हल्लीच्या मुलींना काही नको असतं. शोभा आता उघड उघड रडत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. नोकरी गेली तर गेली!

माझ्या आधी संजू पुढे झाला. अध्यक्षीणबाईंच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला. एक हात कमरेवर ठेवला, दुसरा हात त्यांच्या नाकासमोर धरून एक बोट उभं केलं, आणि खणखणीत आवाजात, अगदी माझ्याच ठसक्यात, एकही अक्षर न अडखळता म्हणाला,

“हाताची घडी! तोंडावर बोट! आवाज नकोय मला!”

पोरांनी ताबडतोब घड्या घातल्या. भिंतीला लागून उभ्या असलेल्या आयांनी घातल्या. दारात तात्यांनी आखडलेल्या खांद्यानं जमेल तशी घातली. शोभाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिनंही ओठांवर बोट ठेवलं होतं.

संजू हलला नाही. तो वाट बघत होता.

अध्यक्षीणबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा संजूकडे. मग त्यांनी हळूच पर्स मांडीवर ठेवली आणि हाताची घडी घातली.

“बोट!” संजू म्हणाला.

त्यांनी बोट ठेवलं.